पंपवाल्या काकांची दोन मिनिटे

मित्रांनो, नगरपालिकेच्या सभागृहात अध्यक्षांच्या उजव्या हाताशी वाटीएवढी पितळी घंटी दिसते ना, ती मी. डोक्यावरची कळ दाबली की टण्णकन वाजते. अंगावरची चकाकी केव्हाच गेली, आणि खरे सांगायचे तर आता वाजण्याचाही कंटाळा आला आहे.

एका म्हाताऱ्या कारागिराने मला घडवले. आवाज मनासारखा लागेपर्यंत तो मला पुन्हा पुन्हा कानशीने घासत राहिला. "कुणाच्या डोक्यात जाणार नाही असा आवाज झालाय," असे तो बायकोला म्हणाला. सभागृहात आले तेव्हा माझे केवढे कौतुक झाले! नियमच झाला: नागरिकाने दोन मिनिटे बोलायचे, मग मी वाजायचे. तुंबलेली गटारे, बंद पडलेले दिवे, मोकाट कुत्री, किती गाऱ्हाणी मी अर्ध्यावर तोडली! माझ्यामुळे सभा वेळेवर संपते, असे सगळे म्हणत, आणि मीही फुशारून जात असे.

मग पंपवाले काका आले. पाणीपुरवठ्याच्या पंपावर तीस वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले होते. त्या दिवशी विषय होता, पाण्याच्या उंच टाकीखालची मोकळी जागा भाजीवाल्यांना देण्याचा. काकांना टाकीबद्दल काही सांगायचे होते. पण गोष्ट अगदी मुळापासून सांगायची त्यांची सवय.

"टाकी बांधली तेव्हा मी नवीनच लागलो होतो. तेव्हाचे इंजिनिअरसाहेब फार कडक. एकदा काय झालं..."

अध्यक्षांचे बोट पडले. टण्ण! "काका, बसा आता. पुढच्या वेळी बघू."

विषय पुढच्या सभेवर गेला. काका पुन्हा आले. या वेळी सुनेने सगळे कागदावर लिहून दिले होते. दारातच तिने बजावले, "बाबा, शेवटचं आधी सांगा हं!" काकांनी मान डोलावली. पण उभे राहिले, समोर एवढी मोठी माणसे पाहिली आणि त्यांना भीड पडली.

"सन्माननीय अध्यक्ष महोदय, सन्माननीय उपाध्यक्ष महोदय..." असे करत एकेका सदस्याला मान देता देता दीड मिनिट सरले. सभागृहात हशा पिकला. काका घाईघाईने कागद उलगडू लागले, तर चष्मा सापडेना.

"पश्चिमेचा खांब," ते कसेबसे म्हणाले, "त्याच्या आत..."

टण्ण!

काका मुकाट्याने बसले. सुनेने हात वर केला, पण तिचे नाव यादीत नव्हते. ठराव एकमताने मंजूर झाला. अध्यक्ष काही वाईट नव्हते हो. त्यांचे अजून नऊ विषय व्हायचे होते.

पाच महिन्यांनी त्याच खांबाचा मोठा ढलपा निखळून खाली आला. तिथे कांदे निवडत बसलेल्या भाजीवाल्या मावशींचा उजवा हात कायमचा निकामी झाला.

तातडीची सभा भरली. पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्षांनी मला उचलून टेबलाखाली ठेवले. खालच्या आवाजात म्हणाले, "काका, बोला तुम्ही. हवा तेवढा वेळ घ्या."

काका उठले.

"खांबाच्या आत लोखंड गंजलंय," ते म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं." आणि बसले.

दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत, मित्रांनो.

टाकी रिकामी करून पाडली. बाजार दुसरीकडे हलला. मावशी आता डाव्या हाताने तराजू धरतात, आणि लेक भाजी निवडून देते. काका मात्र सभेला पुन्हा कधी आले नाहीत. मला वाटले, आता मला अडगळीत टाकतील. टाकले असते तर सुटले असते. पण पुढच्याच सोमवारी मी टेबलावर होते, समोर चौदा विषय होते आणि बोट होतेच.

उद्या तुमच्यापैकी कुणीतरी या खुर्चीत बसेल. समोरचा अडखळेल, पाल्हाळ लावेल. तुम्हाला घाई असेल. मला दाबण्याआधी त्याला एवढेच विचारा, "तुम्हाला भीती कशाची वाटते?" त्याचे उत्तर पुरते ऐका. मग मला खुशाल वाजवा.