बोकोबाची नखं

बोकोबाच्या करंगळीला रक्ताचा टिपूस आला, तो खुद्द आईच्या हातून. नेलकटर जरा आत गेलं, एवढंच. पण पोराने असा टाहो फोडला की सासूबाई पेपर टाकून धावत आल्या.

"अगं, केसाहून बारीक सुई चालवतेस ना तू तिकडे लॅबमध्ये? मग पोराचं एक नख निघेना?"

"आई, तिकडचं अंडं हात झिडकारत नाही."

"मग याला भूल द्या म्हणावं!"

सासूबाई हसल्या, पण सुनेचं काही हसण्यात लक्ष नव्हतं. पोरगं झोपेत स्वतःचेच गाल ओरबाडायचं, म्हणून तर त्याचं नाव बोकोबा पडलं होतं. आता त्याच्या दोन्ही हातांना मोजे चढले. नेमकी दुसऱ्या दिवशी तिची परीक्षा होती.

बाळंतपणाच्या रजेवरून परतणाऱ्यांसाठी लॅबचा नियम साधा होता. आधी माकडिणीच्या अंड्यावर हात बसलाय हे दाखवायचं, मगच बायकांच्या अंड्यांना हात लावायचा. नाही जमलं, तर मायक्रोस्कोपसमोरची खुर्ची दुसऱ्याची. बाळंतपणाच्या कळांतसुद्धा तिला त्या खुर्चीची आठवण आली होती, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

सकाळी ती डबा भरत असताना सासूबाईंनी विचारलंच, "माकडीण कधीपासून अंडी घालायला लागली?"

"पोटातलं अंडं हो, आई. बायकांना असतं तसंच."

"बरं. आणि त्याचं तुम्ही करता काय?"

"काही बायकांच्या अंड्यात विजेची बोंब असते. पेशीला ताकद पुरवणारे बारीक कण, मायटोकॉन्ड्रिया, तेच बिघडलेले. मूल जन्माला येतं, पण त्याच्या अंगात जगायचं बळच नसतं. म्हणून त्या अंड्यातला आईचा मुख्य ऐवज, म्हणजे गुणसूत्रं, उचलायचा आणि दुसऱ्या बाईच्या धडधाकट अंड्यात नेऊन ठेवायचा. तिचा ऐवज आधीच बाहेर काढलेला असतो."

"म्हणजे सामान आपलं, घर दुसरीचं."

"आणि वीजही तिची."

"मग बिल कोण भरतं?" सासूबाईंनी डब्याचं झाकण पुढे केलं. "आणि नाकडोळे?"

"ते सामानातून येतात."

"वाटलंच. बोकोबाचं ते बसकं नाक तुझ्याच सामानातलं. आमच्या घराण्यात असलं नाक नाही!"

ती हसत हसत घराबाहेर पडली खरी, पण लॅबच्या दारात हात धुताना तिला बोकोबाची करंगळीच आठवत होती. आत मंद उजेड होता. काचेची बशी उबदार पाटावर ठेवलेली. शेजारी दोन चष्मे लावणारा सहकारी, ज्याला सगळे चष्मेवाला म्हणत, आणि मागे मॅडम.

"सांभाळून," मॅडम नेहमीसारखंच म्हणाल्या. "माकडिणीची अंडी बाजारात डझनाने मिळत नाहीत."

अंडं जागेवर ठेवायला काचेची एक नळी असते. ती हवा ओढून अंडं धरून ठेवते, मग दुसऱ्या बाजूने सुई आत जाते. तिने नळीची ओढ कमीजास्त करणारं चाक फिरवून अंडं धरलं. सुई आत गेली, आणि पडद्यावर अंडं फुग्यासारखं फुटलं.

"गेलं," चष्मेवाला पुटपुटला.

"पाणी पिऊन येतेस?" मॅडमनी विचारलं.

"नको." कानात बोकोबाचा टाहो घुमत होता.

तिने दुसरं अंडं धरलं, आणि सुई उचलण्याआधी पडद्याकडे नीट पाहिलं. अंडं नळीच्या तोंडात ओढलं गेलं होतं, लांबट, ताणलेलं. असंच काहीतरी तिने कुठेतरी पाहिलं होतं. तिच्याच मुठीत! निसटेल या भीतीने तिने बोकोबाची करंगळी अशी आवळली होती की बोट पांढरंफटक पडलं होतं. मग ते लेकरू हिसडा मारणार नाही तर काय!

तिने चाक हळूच उलटं फिरवलं. अंडं गोल झालं. आता ते नळीला नुसतं टेकलं होतं, पण हलत नव्हतं. खास उजेडात आतला ऐवज लखलखला. तिने तो अलगद उचलला, शेजारच्या रिकाम्या अंड्यात सोडला आणि सुई मागे घेतली. दोन्ही एकजीव झाली, तेव्हा कुठे तिने पडद्यावरची नजर काढली.

"आधी गळा आवळत होतीस त्याचा," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. घरीही तेच करते."

"उद्यापासून बस तुझ्या खुर्चीत. याने तीन वेळा खाली-वर करून ठेवलीय, ती नीट करून घे."

"पाय पुरत नव्हते!" चष्मेवाला कुरकुरला.

घरी आल्यावर तिने बोकोबाला पाजायला घेतलं आणि त्याचे मोजे काढले. त्याचं बोट तळहातावर नुसतं टेकवलं, धरलं नाही, आणि नेलकटर लावलं. टक. बोकोबा चुटुचुटु पीत राहिला. टक. सासूबाई दारात पदराने तोंड झाकून उभ्या.

"झाली?" त्या कुजबुजल्या.

"सगळी."

बोकोबाने गालावर पंजा मारला. गालावर साधी रेघही उठली नाही.

सासूबाईंनी खुर्ची ओढली, ऐटीत बसल्या आणि पाय पुढे केला.

"आता माझा अंगठा घे. कमरेतून वाकवत नाही मला. आणि हे बघ, भूलबिल काही नको!"