पेजेनं चिकटवलेला कौल

जूचंद्रात कुणाच्याही दारात हळदीचा मांडव पडला की पहिल्या रांगेतली मधली खुर्ची बायजाची. तसं कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण ती खुर्ची रिकामी दिसली की बाया आधी इकडंतिकडं बघायच्या आणि मग दुसरीवर बसायच्या. हा मान तिला वयानं मिळालेला नव्हता. तिच्याहून म्हाताऱ्या बायका मागं भिंतीला टेकून बसत. रूपानं मिळाला म्हणावं, तर तसंही नव्हतं, फक्त हे तिच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती नव्हती. मान मिळाला होता तो मुलगा अल्पेश कंपनीत लागला म्हणून. तो लागला तेव्हा बायजानं नाक्यावर फ्लेक्स लावला होता. त्यात अल्पेशचा फोटो वाटीएवढा आणि खाली शुभेच्छुक म्हणून बायजाचा परातीएवढा.

अल्पेश नेमकं काय करतो ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसल्यामुळंच ती ते फार झकास सांगायची. "अमेरिकेची बँक माझ्या पोऱ्याच्या बोटावर चालतंय. यानं बोट उचललं का तिकरं सगला बंद!" एकदा अल्पेशनंच तिला बसवून समजावलं होतं, की दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधून काढायच्या, एवढंच त्याचं काम. बायजा उडालीच.

"चुका काढायचं पैसं देतात? मंग मी काय जल्मभर फुकट काढल्या?"

सून रीमा तेव्हा भाकऱ्या थापत होती. तिनं मान खाली घातली आणि भाकरीला एक थाप जास्त दिली.

अलीकडं अल्पेश घरूनच काम करायचा. वरच्या खोलीत टेबल, टेबलावर लॅपटॉप. वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली हाफपॅन्ट. बायजा चहा द्यायच्या निमित्तानं जायची आणि मुद्दाम कॅमेऱ्यासमोरून एक फेरी मारायची. परदेशातल्या साहेबालाही कळू दे, की या पोराच्या मागं कोण आहे. त्या फेरीसाठी ती नथ घालून जिना चढायची.

पण पोराचं काहीतरी बिनसलं होतं. लॅपटॉपनं टुंग केलं की तो दचकायचा. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचा. पानात जिताड्याची तुकडी वाढली तर काट्यासकट चिवडत बसायचा. जिताडा म्हणजे खाडीचा राजा, आणि आगऱ्याचं पोर तो चिवडतं! बायजाला हा स्वतःच्या हाताचा अपमान वाटला. तिनं रीमाला बोलून घेतलं, की मसाला तूच वाटला असशील. मसाला वाटला होता बायजानंच.

आणखी एक. अल्पेश अंगणात उभ्या गाडीत जाऊन बसायचा. काचा वर, गाडी बंद. पहिल्यांदा बायजानं ओट्यावरून टाटा केला. त्यानंही केला. गाडी हलली नाही. तिनं भाजी निवडून संपवली, तरी गाडी तिथंच. दुसऱ्या दिवशी तेच. बायजानं शेजारणीला सांगून टाकलं, "कंपनीचा गुपित काम असतंय, गारीत बसून करावा लागतंय."

शेवटी एका संध्याकाळी तो तिच्याजवळ ओट्यावर येऊन बसला.

"आये, मी नोकरी सोडतोय बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

"म्हंजे ठरत नाय. तीन माणसांचं काम एकट्याला देतात. वर सांगतात, आता मशीनच चुका काढणार, तू मशीनच्या चुका काढ. डोकं चालत नाय माझं. सकाळी लॅपटॉप उघडायचा म्हटलं तरी हात जड होतो."

बायजाला त्याचा हात दिसायला हवा होता. तिला दिसली ती मांडवातली खुर्ची.

"लोकांची पोरं नोकरी नाय म्हनून रडतात, तू हाय म्हनून रडतंस? हात जड होतो! तुझ्या बापानं खाजनातला चिखल उपसून बांध घातलं, त्याचा हात कदी जड झाला नाय तो? आनि सोरून करशील काय?"

"आपल्या खाजनात तलाव करीन. जिताडी पालायची."

"जिताडी! जो ताटातला जिताडा खाईना, तो तलावातला पालनार!"

यावर एरवी अल्पेश चिडला असता. तो चिडला नाही. नुसता मान हलवत राहिला, जणू आई बरोबर बोलते आहे आणि सगळेच बरोबर बोलतात. बायजाला ते कुठंतरी टोचलं, पण तिचं तोंड तिच्या मनापेक्षा नेहमी दोन पावलं पुढं चालायचं.

"देवीला इचारू," ती म्हणाली. "कौल लावू. देवी सांगंल तसा."

हाच मुलगा कॉलेजात असताना कौलाला हसायचा. कळी ओली असेल तर चिकटते आणि सुकली की पडते, त्यात देवी कुठून आली, असं विचारायचा. आज तो म्हणाला, "विचार. मला ठरवता येत नाय, आये. कोनी तरी ठरवा." खरं तर तिथंच बायजाला घाम फुटायला हवा होता. पण ती आधीच कळ्यांच्या विचारात शिरली होती.

त्यांच्या खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या खारजमिनीच्या, बांधावर रानभेंडीच्या जुन्या झाडाखाली देवी आहे. शेंदराची शिळा, वर पत्र्याचं छप्पर. देवीच्या दोन्ही अंगांना एकेक कळी पाण्यानं चिकटवायची आणि मागणं मागायचं. जी कळी आधी पडेल तो देवीचा शब्द. कळ्या लावायचा मान घरातल्या वडील बाईचा, म्हणजे बायजाचाच. गावात नव्या सुना आल्या की त्यांना कौल तीच शिकवायची. "उजवा म्हंजे देवीचा उजवा गो. ती आपल्याकरं तोंड करून बसलंय. तिचा उजवा तो आपला डावा. येवढा ध्यानात ठेवा, नायतर घराचा वाटोला." असं ती दर वेळी डोळे वटारून सांगायची.

मंगळवारी सकाळी ती अल्पेशला घेऊन बांधावर निघाली. साक्षीला जाऊ हंसा हवीच. हंसाच्या मुलाचे पाण्याचे टँकर होते आणि बायजाच्या खुर्चीवर हंसाचा डोळा होता. हिच्यासमोर कौल झाला की गावभर झाला. बायजाच्या ओटीत तगरीच्या कळ्या होत्या, आणि पदराखाली एका डबीत तांदळाची घट्ट पेज. कागद चिकटवायची असते तशी घट्ट.

"डबीत काय गो?" हंसानं विचारलंच.

"निवेद."

"पेजेचा निवेद? कवापासून?"

"देवीला पोटात जड वाटतंय दोन दिस. हलका आनला."

डाव पक्का होता. देवीनं उजवा दिला तर नोकरी ठेवायची आणि डावा दिला तर सोडायची, असं मागणं मागायचं. डावी कळी पेजेनं चिकटवायची म्हणजे ती काही हलत नाही, आणि उजवी नुसत्या पाण्यावर. देवीला फसवतोय असं बायजाला वाटलंच नाही. देवीला शब्द सुचवतोय, एवढंच. इतक्या वर्षांची ओळख होती.

पण हंसा टक लावून बघत होती, बायजाची नथ नाकात घसरत होती आणि मागं अल्पेश हात जोडून उभा होता. इतका गप्प, की वळून बघावंसं वाटेना. या सगळ्यात बायजाचं पेजेचं बोट पुढं झालं आणि एक कळी चिकटवून आलं. तिच्या स्वतःच्या डाव्या हाताकडची.

"उजवा दिलास तर नोकरी राखंल, डावा दिलास तर सोरंल," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बोल, आये!"

वारा खाडीवरून येत होता. जरा वेळानं पाण्यावरची कळी थरथरली आणि घरंगळली. बायजानं टाळी वाजवायला हात उचलले.

"डावा!" हंसा ओरडली. "देवीनं डावा दिला गो! सोर म्हनतंय देवी!"

बायजाचे हात वरच राहिले. तिनं देवीकडं बघितलं, आपल्या डाव्या हाताकडं बघितलं, परत देवीकडं बघितलं. गावातल्या यच्चयावत सुनांना जे तिनं डोळे वटारून शिकवलं होतं, ते त्या सगळ्यांच्या ध्यानात राहिलं होतं. हंसा तर चप्पल घालायलाही थांबली नाही. हातात घेऊन बांधावरून पळाली. बातमी गार होऊ द्यायची तिची रीत नव्हती.

बांधावर दोघंच उरली. अल्पेश पुढं झाला आणि राहिलेल्या कळीला त्यानं बोट लावलं. हलेना. नखानं उचकटून पाहिली. हलेना. मग त्यानं बोट नाकाशी नेलं.

"आये, पेज?"

बायजा खाडीकडं बघू लागली, जणू तिकडून कुणी पाहुणा यायचा होता.

"मी नोकरी ठेवावी म्हनून लावलीस. आनि स्वतःचा डावा धरलास."

तो हसायला लागला. कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं असं, पोट धरून हसला. "आये, हेच काम मी करतो! बटन उलट्या बाजूला लावलेलं असतं, ते शोधायचं!" हसता हसता तो खाली बसला, आणि मग हसणं थांबलं तरी त्याचे खांदे हलत राहिले. बायजाला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तीही बांधावर, चांगल्या लुगड्यानिशी, चिखलात बसली.

तिनं पेजेचं बोट लुगड्याला पुसलं आणि हात त्याच्या पाठीवर ठेवला.

"गारीत काय करतंस रे तू?" तिनं शेवटी विचारलं.

"काय नाय. तिथं टुंग ऐकू येत नाय."

"येवढंच?"

"येवढंच. रात्री झोप नाय. डोळा लागला तरी तेच ऐकू येतं. रीमाला सांगितलं, ती म्हनाली सोडा. तुला सांगायला हिंमत होत नव्हती. तू त्या खुर्चीवरून माझ्याकडं बघतेस ना, आये, तर मला वाटतं मी उठलो तर तू पडशील."

बायजानं हे गिळलं. मग तिनं डबी उघडली आणि उरलेली पेज भेंडीच्या मुळाशी ओतली.

अल्पेश डोळे पुसून म्हणाला, "परत लाव. खरा कौल लाव. मी मानीन."

"कनाला? डावा दिला तो दिला."

"पन तू लबाडी केलीस ना!"

"मी केली. देवीनं केली काय?" बायजाला आता हळूहळू कंठ फुटत होता. "जल्मभर माझा उजवा-डावा चुकला नाय. आजच कसा चुकला? माझा बोट कोनी फिरवला? तिच्या मनात नसता तर पेज काय धरतंय? पेजेची काय टाप!" ती उठली आणि लुगडं झटकलं. चिखल होता तो आणखी पसरला. "तू आधी झोप. मंग ते जिताड्याचं बघू. तलावाला बांध कुठं घालायचा ते मात्र मी सांगंल. तुझ्या चुका काढायला मानूस लागंल ना? मी फुकट करतंय."

अल्पेशनं राजीनामा धाडला. खाडीकडचा तलाव होईल का, जिताडी जगतील का, हे बायजाला माहीत नव्हतं; पण नाक्यावरच्या चौकशीला ती "प्रोजेक्ट चालू हाय" असं उत्तर द्यायला लागली. हा शब्द तिनं वरच्या खोलीत चहा देताना उचलला होता.

पुढच्याच आठवड्यात बायजाच्या घरामागं राहणाऱ्या संपदाच्या अंगणात तिच्या लेकीची हळद निघाली. बायजा वेळेवर गेली. मधली खुर्ची रिकामी होती. ती बसली, पण पाठ काही टेकली नाही. शेजारी हंसा.

"पोऱ्या काय करतंय तुजा आता?" हंसानं विचारलं, चार बायांना ऐकू जाईल असं.

"झोपलंय," बायजा म्हणाली.

"दिवे लागायच्या टायमाला?"

"दुपारपासून झोपलंय. घोरतंय पन असा का विचारू नकोस, कंपनीत शिकवलेला. तुज्या पोऱ्याला जमंल काय? टँकर वाजला का उठावा लागतंय त्याला."

बाया फिदीफिदी हसल्या. तेवढ्यात डीजेवाल्यानं आवाज चढवला. खुर्च्यांचे पाय हादरले, समईची ज्योत हादरली. बायजाची मान आपोआप वळली. मांडवाच्या कापडावरून तिच्या घराची वरची खिडकी दिसत होती, अंधारी, पडदा ओढलेली.

गावात डीजेचा आवाज कमी करायला सांगणाऱ्याची सगळ्यात आधी हजेरी घ्यायची ती बायजानंच. हळद म्हणजे हळद, पलीकडच्या गावाला कळली पाहिजे, हे तिचंच म्हणणं. तीच बायजा उठली, पदर खोचला आणि नाचणाऱ्या पोरांच्या घोळक्यातून वाट काढत थेट स्पीकरपाशी गेली.

"फिरव त्याचा तोंड तिकरं," तिनं डीजेवाल्याला सांगितलं.

"मावशे, तिकडं तर भिंत हाय!"

"भिंत नाचंल. फिरव."

त्यानं फिरवला. तरी तिनं त्यावर दोन चादरी टाकायला लावल्या, आणि खिडकीत काही हलत नाही ना, हे बघूनच मागं फिरली.

मधल्या खुर्चीत हंसा बसली होती. चांगली ऐसपैस, पाठ टेकून.

बायजानं खोचलेला पदर सोडला. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडं बघत होत्या, आता काय ऐकायला मिळतंय म्हणून.

"बस गो, बस," ती म्हणाली. "तिकरं पंख्याचा वारा डोक्यात जातंय माझ्या."

आणि ती मागं भिंतीजवळच्या म्हाताऱ्यांत जाऊन बसली. पंखा तिथंही होता. पण तिथून खिडकी जास्त नीट दिसत होती.