वाढत्या अंगाची पँट

जन्मभर शाळेचे गणवेशच शिवले हो मी! लढाई लागली आणि बाजारातलं सगळं जाड कापड लष्कराकडे गेलं. समोरच्या शाळेतली पोरं जुन्या फुलाफुलांच्या पडद्यांच्या चड्ड्या घालून फिरायला लागली. सगळ्या वर्गाच्या ढुंगणावर नुसता बगीचा फुललाय! चहात साखर नाही, शिलाई मशीनला तेल नाही, आणि आमचे हे म्हणतात, "देश लढतोय." लढू दे की, पण बिनसाखरेच्या चहावरून नावं मलाच ठेवतात ना!

दुकानाला टाळं लावायची वेळ आली, तेवढ्यात सैनिकांच्या पँट शिवायचं काम मिळालं. पहिला गठ्ठा तपासायला लष्कराचे साहेब आले. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. एक पँट उलटी करून बघितली आणि ओरडलेच, "बाई, पायाशी हे चार बोटं कापड आत कशाला दुमडलंय?"

"वाढत्या अंगासाठी," मी म्हटलं. सवयीनं हात चालला होता, दुसरं काय! शाळेच्या पँटला मी तेवढं ठेवतेच. पोराची उंची वाढली की उसवायचं आणि खाली सोडायचं.

"अहो, हे सैनिक आहेत! कापून टाका ते. नाहीतर काम दुसऱ्याला देतो."

ह्यांनी लगेच कात्री पुढे केली. घाबरट कुठले!

माझं डोकंच फिरलं. "साहेब, आमचा मेला..." म्हटलं आणि जीभ चावली. लढाई लागल्यापासून हा शब्द मी तोंडातून काढून टाकलाय. "आमचा मुलगा गेल्याच महिन्यात तुमच्याकडे आलाय. अजून धड मिसरूड नाही फुटलेलं. शाळा संपल्यावरसुद्धा त्याच्या दोन पँट मी खाली सोडल्यात. तो आता वाढणार नाही, एवढं सांगा. आत्ता कापते."

ह्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि उगाच चष्मा पुसत बसले.

"दोन बोटं ठेवा," साहेब हळूच म्हणाले.

"चार."

"बाई, हा काय भाजीबाजार आहे?"

"बरं, तीन. त्याच्या खाली मी यायची नाही."

त्यांनी मान हलवली. दारापर्यंत गेले आणि थांबले. "तीन बोटं किती दिवस पुरतात?"

"दोन वर्षं," मी म्हटलं. "तेवढ्यात आटपा तुमची लढाई. पुढच्या पँटचं माप मी त्याला इथं समोर उभं करून घेणार आहे."