एका जोडीचे दोन धनी

बसायचं असेल तर बसा, पण मधोमध बसू नका. तिथं माझा पत्रा दबलाय, टणकन वाजतो. मागच्या बैठकीला मास्तरीणबाई बसल्या, आवाज झाला आणि सगळ्या बायकांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की बिचाऱ्या तासभर तोंड उघडेनात. आवाज माझा होता. मुद्दाम केला होता. मी हिरवी लोखंडी ट्रंक बोलतेय. बिजागऱ्या गंजल्या तरी खोड जात नाही.

माझं शिक्षण बेताचंच. अंगावर पांढऱ्या रंगात एका शिपायाचा नंबर लिहिलाय, तेवढाच वाचता येतो, आणि त्यातलेही दोन आकडे घासून गेलेत. त्यामुळे माणसं जे करतात त्यातलं निम्मं मला कळतच नाही. उरलेलं निम्मं कळलं असं वाटतं आणि नंतर तेही चुकीचं निघतं.

तो शिपाई लढाईवर गेला. परत आले मी एकटीच. त्याच्या बायकोनं मला उघडलं, आतल्या कपड्यांचा वास घेतला, झाकण लावलं आणि वर्षभर हात म्हणून लावला नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं. मग एके सकाळी तिनं मला फरफटत पोस्टामागच्या खोलीत आणलं, शेजारच्या तिघींना बोलावलं आणि म्हणाली, "घरात बसून रडायला मला जमत नाही. लोकर आणा." तेव्हापासून सगळे तिला ताई म्हणतात, आणि त्या चौघींचं झालं मंडळ.

मंडळानं काय नाही केलं. लढाईहून परतलेल्यांना मफलर विणले, डोळे गेलेल्यांना पेपर वाचून दाखवले, पूर आला तेव्हा माझ्या पोटातली चादर न् चादर वाटून टाकली. चौघी एकाच वेळी बोलतात, कुणी कुणाचं ऐकत नाही, तरी टाका चुकत नाही. हे कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

चुकल्या त्या एकदाच, पहिल्या हिवाळ्यात. सैनिकांच्या इस्पितळात माणशी एक जोडी मोजे पाठवले. आठवड्यानं एका ड्रायव्हरकडून एक मोजा परत आला, सोबत चिठ्ठी: "माझा उजवा पाय तिकडंच राहिला. त्याचा पत्ता मिळाला तर हा मोजा त्याला पाठवा."

चौघींनी जीभ चावली. शिंपीणबाई म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यांना एकच विणू."

"एकटा मोजा या खोलीत विणायचा नाही," ताई म्हणाल्या. "विणायची ती जोडीच. दुसऱ्याचा धनी शोधा."

शोधला. नदीकडच्या वस्तीत फौजेतला एक आचारी होता, त्याचा डावा पाय गेलेला. तेव्हापासून दर हिवाळ्यात एक जोडी विणायची, एक मोजा टेकडीवरच्या ड्रायव्हरला, एक नदीकाठच्या आचाऱ्याला. उरलेल्या पायावरून मंडळात त्यांची नावंच पडली, ड्रायव्हर ते डावेकाका आणि आचारी ते उजवेकाका. आता विणलेल्या मोज्याला डावं-उजवं नसतं, हे माझ्यासारख्या अडाणी ट्रंकेलाही कळतं. पण बायका दोन्ही मोजे उलटेपालटे करून अर्धा तास ठरवत बसायच्या, कुठला कुणाचा. मी गप्प. शिकलेल्यांच्या मधे कोण बोलणार.

दोघं कधी भेटले नाहीत. दोघांत मिळून दोन पाय होते खरे, पण टेकडी चढायला ते कामाचे नव्हते. निरोप मात्र चालायचे. मोजे पोचवायला मंडळातल्या नर्सबाई जात, आणि परत येऊन सगळ्यांना ऐकवत.

"डावेकाका म्हणतात, हा रंग त्या आचाऱ्यानं निवडला असणार. करपलेल्या पातेल्याचा आहे."

"आणि उजवेकाका?"

"ते म्हणतात, ड्रायव्हरला सांग, रंग पुढून बघायचा असतो, मागच्या आरशातून नाही. म्हणूनच गाडी खड्ड्यात घातलीस, गाढवा."

बावीस वर्षं हे भांडण चाललं. एका वर्षाची शिवी दुसऱ्या वर्षाला शिळी चालत नसे.

मग एका हिवाळ्यात नर्सबाई परत आल्या आणि एक मोजा माझ्या तळाशी ठेवला. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, उजवेकाका गेले."

ताईंच्या सुया थांबल्या. त्या म्हणाल्या, "वर टेकडीवर सांगू नका. इतक्यात नको."

"मग निरोप?"

"तुम्ही करा तयार."

नर्सबाईंनी केला. पुढच्या वर्षीही केला. तळाशी दुसरा मोजा आला, मग तिसरा. मी चक्रावून गेले. एक पोचतो, एक राहतो, निरोप मात्र दोन्हीकडून येतात. मेलेलं माणूस बोलतं की काय. मी कधी नव्हे ते झाकण नीट लावून घेऊ लागले.

परवा दुपारी दारात कुबड्यांचा आवाज आला. डावेकाका. रिक्षा करून टेकडीवरून खाली आले होते. नेमके माझ्या मधोमध बसले. मी वाजले नाही.

"नर्सबाई," ते म्हणाले, "तीन वर्षं झाली, आचारी मला 'कृपया तब्येत सांभाळा' म्हणतोय. बावीस वर्षांत त्यानं मला माणूस म्हटलं नव्हतं. कधी गेला तो?"

नर्सबाई पदराशी चाळा करत राहिल्या. ताई म्हणाल्या, "तिला बोलू नका. मी सांगितलं होतं तसं करायला."

"का पण?"

"नवरा गेल्याची तार आली, ती दारातच वाचून दाखवली. मी भाजी निवडत होते. वाटलं, आणखी थोडा वेळ तो जिवंत राहिला असता तर काय बिघडलं असतं."

"तीन वर्षं म्हणजे थोडा वेळ?"

"सांगायला दरवर्षी उठत होते. दरवर्षी जोडी विणून व्हायची."

डावेकाकांनी कुबड्या जवळ ओढल्या. उठून त्यांनी मला उघडलं, तिन्ही मोजे काढले आणि एकावर एक आपल्या एकाच पायात चढवले. चप्पल काही केल्या बसेना. "बघा," ते म्हणाले, "मेला तरी अडवतोय." मग तोंड फिरवून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. पाठीवरून माणूस वाचायला मी शिकलेली नाही.

जाताना एवढंच म्हणाले, "ताई, विणणं थांबवू नका. पण आता गोड बोलणारा नको."

यंदाची जोडी तयार आहे, माझ्या पोटात आहे. एक मोजा उद्या टेकडीवर जाईल. दुसरा मोकळा आहे. मला ना शोधता येतं ना पत्र लिहिता, म्हणून तुम्हाला सांगतेय. एक पाय असलेला, नाहीतर दोन असले तरी एकच गार पडणारा, असा कुणी तुमच्या ओळखीत असेल तर पोस्टामागच्या खोलीत पाठवा. रंग आवडला नाही तर उत्तमच. फक्त तोंडाचा फटकळ हवा, आणि लवकर हवा. वरचे काका वाट बघताहेत.