सेलूचा फोन, तीन वाजता

मी बोलतोय. तसं बोलणं हाच माझा धंदा. पण आजवर दुसऱ्यांचंच बोलत आलो, आज पहिल्यांदा स्वतःचं बोलायला बसलोय. मी एक स्मार्टफोन. वय वर्षं पाच, म्हणजे आमच्या जातीत म्हातारा. काचेला एका कोपऱ्यात तडा, आणि गंगाखेडच्या एका घरात मसाल्याच्या डब्याशेजारी मुक्काम. त्यामुळे चार्जिंगच्या भोकात थोडी हळद आहे. जन्म कुठे झाला ते माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. त्या खोक्यात आता सुया-दोरे राहतात.

माझा पहिला मालक योगीराज. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कामाला. दिवसभर ऊस मोजायचा आणि घरी आला की माझी रॉम बदलायची. रॉम म्हणजे फोनच्या आत चालणारी सगळी व्यवस्था. तुमच्या भाषेत माझा स्वभाव. कंपनीनं दिलेला स्वभाव त्याला पटला नाही. हौशी लोकांनी बनवलेले नवे स्वभाव इंटरनेटवर फुकट मिळतात म्हटल्यावर त्यानं माझं कुलूप तोडलं आणि दर दोन महिन्यांनी मला पुसून नवा केला. एकदा तीन दिवस माझा कॅमेरा आंधळा होता. एकदा मी पंधरवडाभर नुसता गरम होत राहिलो.

पुसण्याचं त्याला दुःख नव्हतं, कारण जपण्यासारखं काही नव्हतंच. दोन खेळ, उसाच्या ट्रॉल्यांचे फोटो आणि मित्रांचे ‘शुभ सकाळ’. गेलं काय, राहिलं काय.

मग त्याचं लग्न झालं. त्यानं स्वतःला नवा फोन घेतला आणि “तसा नवाच हाय” असं सांगून मला बायकोच्या हातात दिलं. वैष्णवी, माहेर सेलू. बोलणं कमी, बघणं फार.

ती या घरात जशी शिरली तशीच माझ्यात शिरली, आवाज न करता. नळाला पाणी येतं म्हणून पहाटे पाच वीसचा गजर. प्रत्येक माणसाच्या फोनला वेगळा आवाज, म्हणजे हात पिठात असले तरी कुणाचा ते कळावं. नणंदेला एसटीचा हॉर्न, कारण तो ऐकला की बाजूला व्हायचं असतं. नवऱ्याला कोकिळा. लग्नाला सहा महिने होत आले तरी कोकिळाच होती, हे मी मुद्दाम नोंदवतो.

आणि तिची आई, राजेश्री. रोज दुपारी तीनला फोन. पहिला महिना मी मोकळेपणानं वाजायचो. मग एके दिवशी वैष्णवीची सासू दगडाबाई शेंगा फोडता फोडता म्हणाली, “सेलूची गाडी लय टायमावर हाय बाई. आपली रेल्वे कदी येत न्हाई अशी.”

एवढंच. नको म्हणाली नाही, रागावलीही नाही. पण त्याच दुपारी वैष्णवीनं माझ्यात दोन गोष्टी बदलल्या. आईचा फोन आला की वाजायचं नाही, नुसतं दोनदा गुरगुरायचं. आणि पडद्यावर कुणाची नजर गेलीच तर नाव दिसेल, ‘गॅस सिलिंडर’.

पाच महिने मी हे गुपित इमानदारीनं सांभाळलं. मी गुरगुरलो की ती “कपडे काढून आणते, आत्याबाई” म्हणून मला पदराखाली घेऊन गच्चीवर जायची आणि एका साडीची घडी वीस मिनिटं घालायची.

मग बँकेचं ॲप रुसलं. तुमचा फोन जुना झालाय, म्हणालं. योगीराजच्या हाताला जुनी खाज सुटली. “नवी रॉम टाकून देतो.”

“माझं सगळं राहील ना?” वैष्णवीनं विचारलं.

“सगळं राहतंय. बॅकअप घेतो ना.”

“कुठं?”

“फोनमधीच.”

“आणि पुसणार काय?”

“फोन.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. “म्हणजे घर पाडायचं, आणि सामान तेवढं माजघरात हलवून ठेवायचं.”

योगीराजनं डोकं खाजवलं. इतकी वर्षं मला पुसणाऱ्या माणसाला हे कधी सुचलं नव्हतं, कारण पुसल्यावर शोधायला काही नसायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं मेमरी कार्ड आणलं आणि नंबर, फोटो, नोंदी सगळं त्यात भरून कार्ड बाहेर काढून ठेवलं.

“आणि कुणाचा फोन कसा वाजतो, ते?” तिनं हळूच विचारलं.

“ते बी येत असंल.”

रॉम बदलणाऱ्यांचं सगळं जग या ‘येत असंल’वर चाललंय. तिला आणखी खोदून विचारता आलं असतं. पण का विचारतेस म्हटल्यावर काय सांगणार?

रविवारी दुपारी मला पुसलं. अर्धा तास मी कुणाचाच नव्हतो. मग नवा स्वभाव आला, पाठोपाठ कार्डातले चारशे बारा नंबर आले. वैष्णवीनं घाईनं यादी वर-खाली केली. ‘गॅस सिलिंडर’ जागेवर होतं. तिनं श्वास सोडला, मला मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवलं आणि गिरणीतून दळण आणायला गेली. योगीराज पुढच्या खोलीत घोरत होता.

मला ओरडून सांगायचं होतं. बाई, नावं आली, आवाज आले नाहीत. यादीत फक्त नंबर बसतात. कुणासाठी गुरगुरायचं ते मी विसरलोय.

तीन वाजले आणि मी ओरडलोच. नव्या रॉमवाल्यांनी ढोलासारखं काहीतरी भरलं होतं, ते पूर्ण आवाजात.

दगडाबाई तूर निवडत बसली होती. उठली, मला लांब धरून अक्षर जुळवत वाचलं, “गॅस… सि… लिंडर.” घरातला सिलिंडर संपून पंधरा दिवस झाले होते. तिनं मला कानाला लावलं.

“काय ओ, कुटं हाय सिलिंडर? चुलीवर रांधायलोत आमी.”

पलीकडे राजेश्री. विहीणबाईंचा आवाज तिनं बरोबर ओळखला. एक क्षण मला वाटलं, ठेवते आता फोन. पण ठेवला तर इकडे चौकशी सुरू होणार आणि लेकीची चोरी उघडी पडणार. तिनं घसा खाकरला.

“गॅस एजन्सीतून बोलते. नाव सांगा.”

“दगडाबाई.”

“घरात माणसं किती?”

“तीन. मी, लेक, सून.”

“सून नवी आहे का?”

“सा म्हयने झाले.”

“मग… बरी राहते ना? म्हणजे, गॅस बेतानं वापरते ना?”

दगडाबाईनं मला कानापासून काढलं, पडद्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग सावकाश दुसऱ्या कानाला लावलं.

“लय बेतानं. बोलनं तर त्याच्याहून बेतानं. पन हाताला चव हाय बाई. माजे गुडघे धरले की न सांगता तेल घेऊन बसती. तिच्या मायनं चांगलं वळण लावलं म्हनायचं. तोंडावर मी न्हाई म्हनत कदी. तुमी बी कुटं बोलू नका.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “नाही बोलत,” राजेश्री म्हणाली. “नोंद करून घेते.”

दारात वैष्णवी उभी होती. कमरेवर दळणाचा डबा, कोपरापर्यंत पीठ. किती वेळ उभी होती कोण जाणे.

दगडाबाईनं मला तिच्यापुढे धरलं. “गॅसवाली होती. सर्दी झाल्यावानी बोलत होती.”

“काय म्हणाली?”

“काय म्हननार? सुनेचीच चौकशी करायली. सिलिंडरचं एक अक्षर न्हाई.” तिनं तुरीतला खडा वेचून बाजूला टाकला. “दिवाळीला जा चार दिवस सेलूला. येताना सिलिंडर तेवढं घेऊन ये.”

“बरं, आत्याबाई,” वैष्णवी म्हणाली, आणि कपडे काढायला गच्चीवर गेली. दोरीवर एकही कपडा नव्हता.

तेव्हापासून मी रोज तीनला ढोल वाजवतो. पुष्कळदा दगडाबाईच आधी उचलते, आणि वैष्णवी आपली पाळी येईपर्यंत भांडी घासून मोकळी होते. माझी बॅटरी दुपारीच निम्मी होते. परवा योगीराज माझ्याकडे त्या जुन्या नजरेनं बघत होता. आणखी नवी रॉम आलीय म्हणे. येऊ द्या. पुसायचं तर खुशाल पुसा, बॅकअप तेवढा बाहेर ठेवा. पण वैष्णवीताई, तुम्हाला हात जोडून एक सांगतो: जुनी सेटिंग शोधून परत लावू नका. आता या वयात मला गुरगुरणं जमायचं नाही.