गाळलेली ओळ

शेअर दलालाच्या त्या ऑफिसात सगळ्यांना चार्ट वाचायला मास्तरांनी शिकवलं होतं, म्हणून ते मास्तर. खऱ्या शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नव्हतं. बावीस वर्षं रोज सकाळी ते गिऱ्हाइकांसाठी पत्रक काढत होते: कुठला शेअर कुठल्या भावाला टेकून उभा आहे, कुठे अडतोय, घ्यावा की थांबावं. कंपनी काय बनवते याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. "भाव काय करतोय ते बघा," ते म्हणत. "लोक काय बोलतात ते मागाहून ऐका."

मुंगी ही त्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. लहानपणी जमिनीवर पालथी पडून वहीत तासन्‌तास बारीक रेघा ओढत बसायची, तेव्हा हे नाव मामानेच ठेवलेलं. कॉलेज संपल्यावर ताईने शब्द टाकला आणि मास्तरांनी तिला ऑफिसात आणलं. आपल्या शेजारी खुर्ची दिली. दिवसभराची चढउतार दाखवणाऱ्या लाल-हिरव्या कँडल कशा वाचायच्या, भाव खाली येऊन पुन्हा पुन्हा जिथून वळतो ती आधाराची पातळी कशी ओळखायची, उलाढाल न वाढता भाव चढला तर त्यावर विश्वास का ठेवायचा नाही, हे सगळं हातचं न राखता शिकवलं. त्या दिवसांत घरी गेल्यावर ते बायकोला सांगत, "पोरीला नजर आहे."

दीड वर्षाने हेच वाक्य ऑफिसच्या साहेबांनी त्यांना ऐकवलं आणि मास्तरांनी चहाचा कप तसाच बाजूला सारला.

निमित्त झालं एका सिमेंट कंपनीचं. मास्तरांनी पडद्यावर बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं होतं: हा डावा खांदा, हे डोकं, हा उजवा खांदा. अशी आकृती दिसली की भाव उतरतो. "आता हा घसरणार," ते म्हणाले.

मुंगी खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत राहिली. "मामा, उजवा खांदा अजून झालाच नाहीये. तो तू मनातच काढलास."

टेबलाभोवतीचे हसले. मास्तरही हसले, इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ. भाव काही घसरला नाही. पंधरा दिवसांत तो असा चढला की साहेब केबिनमधून उठून मुंगीच्या टेबलाशी आले. पुढच्या महिन्यात तिला पत्रकात अर्धं पान मिळालं. तीन महिन्यांनी पहिलं पान तिचं झालं आणि मास्तर मागच्या पानावर गेले.

"तुम्हाला तेवढाच आराम," साहेब म्हणाले.

आराम कसला, मास्तरांच्या जिवाला चैन पडेना. फोन वाजला की ते मान न वळवता ऐकत. पलीकडचा माणूस कुणाला विचारतोय ते मुंगीच्या पहिल्या शब्दावरूनच त्यांना कळे. ती रेघ ओढताना ओठ आवळते हेही त्यांना खुपायला लागलं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन बायकांच्या टेबलावर गेली की ते तिची जुनी पत्रकं काढून बसत आणि चुका शोधत. चूक सापडली की घास गोड लागे. पण तेही सुख पुरतं नव्हतं, कारण दर शुक्रवारी पानाच्या तळाशी ती स्वतःच लिहायची: या आठवड्यात माझं काय चुकलं. आणि गिऱ्हाइकं त्यावरच फिदा होती. बावीस वर्षं मास्तरांनी आपल्या चुका शिताफीने दडवल्या होत्या. ही पोरगी त्या चव्हाट्यावर मांडून वर कौतुक घेऊन जात होती.

एकदा बायको म्हणाली, "अहो, हल्ली मुंगीचं नाव निघालं की तुमचा आवाज बदलतो."

"काहीतरीच तुझं," मास्तर म्हणाले आणि आंघोळीला गेले. आंघोळ सकाळीच झाली होती.

मग तो बुधवार आला. ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मुंगीने पहाटे येऊन आपलं पान तयार केलं आणि मास्तर आल्यावर पर्स खांद्याला लावतच म्हणाली, "मामा, एवढं पाठवशील ना? आईला आठला आत घेणार आहेत."

"जा तू. मी आहे ना."

पान रंगाच्या कंपनीवर होतं. भाव तीनदा ४१२ पाशी येऊन वर वळला होता आणि आता चौथ्यांदा तिथे आला होता. मुंगीने लिहिलं होतं की इथून वळला तर घ्यायला हरकत नाही. शेवटची ओळ होती: ४१२ च्या खाली दिवस बंद झाला तर विचार न करता बाहेर पडा.

चार्ट सुरेख होता. इतक्या साध्या शब्दांत हे आपल्याला कधीच लिहिता आलं नसतं, हे मास्तरांना कळलं आणि छातीत काहीतरी जळलं. त्यांनी शेवटची ओळ निवडली आणि पुसली. पान फार लांबलंय, असं ते स्वतःशीच म्हणाले. मग पत्रक पाठवून दिलं.

भाव दोन दिवस वर वळला. सोमवारी ४१२ च्या खाली बंद झाला आणि मंगळवारी धाडकन कोसळला. बुधवारी ऑफिसात एक निवृत्त नर्सबाई आल्या. हातात पत्रकाची छापील प्रत, घडी घालून घालून मऊ झालेली.

"बाई गं, तू नेहमी लिहितेस कुठे बाहेर पडायचं ते," त्या मुंगीला म्हणाल्या. "या वेळी लिहिलं नाहीस, म्हणून मी थांबले."

मुंगीने प्रत घेतली. वाचली. पुन्हा वाचली. मास्तर समोर बसून पेनाचं टोपण लावत-काढत होते. त्यांना वाटलं, आता ही आपलं नाव घेणार. ती म्हणाली, "माझ्या नावावर गेलंय, म्हणजे चूक माझीच. मी तपासायला हवं होतं." साहेबांच्या केबिनमध्ये जाऊनही ती तेच बोलली. काचेतून दिसत होतं. ती उभी होती आणि साहेब हात हलवून बोलत होते.

बाहेर आल्यावर ती मास्तरांच्या टेबलाशी थांबली.

"मामा, ओळ का काढलीस?"

"पान भरलं होतं."

"खाली चार बोटं जागा होती."

ती आपल्या खुर्चीत गेली आणि तिने पडदा थोडा पलीकडे वळवला, त्यांना दिसू नये इतपत.

दुसऱ्या दिवशीच्या पत्रकात सगळ्यात वर चौकटीत छापलं होतं की गेल्या बुधवारी बाहेर पडण्याची पातळी द्यायची राहिली, चूक माझी. ते वाचताना मास्तरांना लाज वाटायला हवी होती. तीही वाटली, पण लाजेच्या आधी हेवाच वाटला. दुसऱ्याने घातलेला घाव स्वतःच्या अंगावर घेऊन ही पोरगी अशी ताठ बसते, आपण तिच्या जागी असतो तर? उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि त्यानेच त्यांना खुर्चीतून उठवलं.

ते केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि सांगितलं. साहेबांनी आधी न समजल्यासारखं केलं. "राहून गेली असेल हो."

"राहिली नाही. मी पुसली."

"का?"

"ती माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणून."

मास्तरांचं पत्रकातलं पान त्याच दिवशी बंद झालं. ज्या चौदा गिऱ्हाइकांनी तो शेअर घेतला होता त्यांना स्वतः फोन करतो, असं मास्तरांनीच सुचवलं. दोघांनी फोन आपटले. एकाने खातं बंद करायला सांगितलं. नर्सबाईंनी मात्र शांतपणे विचारलं, "पोरीने काही वाकडं केलं होतं का तुमचं?"

"नाही."

"मग जास्तच वाईट," त्या म्हणाल्या.

ताईला त्यांनी घरी जाऊन सांगितलं. तिच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. ती म्हणाली, "लहानपणी माझ्या चित्राला बक्षीस मिळालं तेव्हा त्यावर पाणी सांडणारा तूच. मी आईला सांगितलं नाही, तिथेच चुकलं." आणि तिने त्यांना चहा विचारला नाही.

मुंगी आता ऑफिसात त्यांना "तुम्ही" म्हणते. कामापुरतं बोलते, नीट बोलते. मास्तर मागच्या खोलीत नव्या लोकांना चार्ट शिकवतात. भाव खाली गेला तर कुठे बाहेर पडायचं, हे ते आता सगळ्यांत आधी शिकवतात आणि फळ्यावरही सगळ्यांत वर लिहितात. रोज सकाळी तिचं पत्रक आलं की पहिल्या ओळीपासून वाचतात. चांगलं असलं की अजूनही छातीत जळतं. परवा एका नव्या मुलीने विचारलं, हे कुणी लिहिलंय, फार छान आहे.

"माझ्या भाचीने," मास्तर म्हणाले. आवाज सरळ ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले.