जोडलेली ओळ

‘वठावरचं हाय ते, पोरी. वही ठेव बाजूला, आनी ऐक.’

तीसेक वर्षांपूर्वी मांडवात ऐकलेला ठमाआत्याचा हा आवाज मनात घोळवतच अनिताने पिशवीतून कागदांची चळत काढली आणि आत्याच्या ओटीवर मांडी घातली. तेव्हा ती चौथीत होती, आत्याचे धवले उतरवून घ्यायला शाळेची वही घेऊन बसली होती. ठमाबाई पेणच्या खाडीकाठची धवलारीण. तिने लग्नाची गाणी सांगितल्याशिवाय इथल्या नवरीला हळद लागत नसे. त्या दिवशीच्या दोन ओळी वहीत नव्हत्या, म्हणूनच की काय, अनिताला अजून पाठ होत्या:

मांडवाचे दारी गो कोन हुबी?
हलदीची वाटी घेऊन आते हुबी.

अनिताच्या स्वतःच्या लग्नात मात्र आते उभी नव्हती. अनिताचा बाप काळुराम धाटावच्या कंपनीत लागला, रोह्याला राहायला गेला आणि तिथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत त्याने बाप्तिस्मा घेतला. लेकीचं लग्न प्रार्थनाघरात लागलं, धवल्यावाचून. त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात आत्या-भाची कितीदा भेटल्या, एका ताटात जेवल्या, काळुरामच्या मयताला एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. पण ‘तू का नाही आलीस?’ हे अनिताच्या ओठांवर येऊन दरवेळी मागे फिरलं होतं.

आज निमित्त कामाचं होतं. अनितासह मंडळीतली तिघं दोन वर्षं खपून मार्कचं शुभवर्तमान, बायबलातली येशूची गोष्ट, आगरी बोलीत उतरवत होती. छापायला देण्याआधी एक परीक्षा उरली होती. ही गोष्ट कधी न ऐकलेल्या माणसाला ती वाचून दाखवायची आणि त्याच्या तोंडून परत ऐकायची. तो जिथे अडखळेल, तिथे चूक लिहिणाऱ्याची.

‘मास्तरीन माजी परीक्षा घ्याला आयली तं,’ सुपातला जवळा निवडता निवडता ठमाबाई म्हणाली. ‘नापास झाले तं काय, अंगठे धराला लावशील?’

‘परीक्षा माझी आहे, आते.’

‘तुमचा येशू आगरी बोलतो व्हय?’

‘तुझ्यासारखं बोलायला शिकवतोय त्याला.’

ठमाबाई खुदकन हसली. मग सुपातली बारीक काडी वेचून बाजूला टाकत तिने विचारलं, ‘ह्ये देवानं लिवलं का मानसानं?’

अनिताला प्रार्थनाघरात शिकलेली उत्तरं आठवली. पण या ओटीवर ती उत्तरं परक्या पाहुण्यासारखी अवघडून बसली असती. ती म्हणाली, ‘आधी कुणीच नाही लिहिलं. तीस-चाळीस वर्षं लोक तोंडानंच सांगत होते. ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ती माणसं एकेक करून जायला लागली, तेव्हा कुणीतरी लिहायला बसलं. आम्ही मानतो, शब्द देवाचा. पण आला तो माणसांच्या तोंडून, माणसांच्या हातून.’

ठमाबाईने घरामागे बोट केलं. तिथे एकेकाळी तिच्या सासऱ्याचं मिठागर होतं. आता बांध फुटून चिखल आणि खारफुटी माजली होती. ‘पानी दर्याचं, ऊन देवाचं. पन चिखल तुडवला आमी, मीठ वढलं आमी. मंग मीठ कोनाचं?’

‘दोघांचं,’ अनिता म्हणाली.

‘वाच तं मंग.’

अनिताने शेवटची पानं वाचली. येशूची धरपकड, क्रूस, उसनं थडगं. लांबून बघत राहिलेल्या बाया. आठवड्याच्या पहिल्या दिवशी सूर्य उगवताना सुगंधी द्रव्यं घेऊन त्यांतल्याच तिघी निघतात आणि वाटेत एकमेकींना विचारतात, थडग्याच्या तोंडावरचा धोंडा कोण लोटील? जाऊन बघतात तो धोंडा बाजूला. आत पांढऱ्या कपड्यातला तरुण त्यांना सांगतो, तो उठला, जा, त्याच्या माणसांना सांगा.

वाचून झाल्यावर ठमाबाईने तेच परत सांगितलं. हात सुपात, डोळे अर्धे मिटलेले, आवाज धवल्याच्या चालीकडे झुकलेला. तिघांनी दोन वर्षं घासलेली वाक्यं आत्याच्या तोंडात जाऊन न्हाऊन-माखून बाहेर येत होती. अनिता भरभर लिहीत होती आणि मनातल्या मनात आभार मानत होती, या आवाजाचे, आणि तो आपल्याला लाभला याचे.

‘आनी त्या बाया भायेर निंगाल्या, पलत सुटल्या. आंग कापत व्हतं. कोनाला काय बोलल्या नाय. भ्याल्या व्हत्या.’

ठमाबाई थांबली.

‘पुढे?’

‘फुरं नाय.’

‘आहे, आते. मी वाचलं ना. मग त्यांनी धीर केला आणि सगळ्यांना सांगितलं.’

‘ती ओल तू जोडलेली हाय.’ ठमाबाईने सूप मांडीवरून खाली ठेवलं. ‘पन्नास वर्सं धवले सांगतंय मी. बाकीची समदी चिखलातून चालत आयली, ही एकलीच चप्पल घालून आयली. खरं सांग.’

अनिताचा चेहरा उतरला. ती ओळ तिचीच होती. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ही गोष्ट भ्यालेल्या बायांपाशीच संपते, त्यापुढचा मजकूर मागाहून जोडलेला आहे, असं बऱ्याच जाणकारांचं म्हणणं. मंडळीने बोलीतही तिथेच थांबायचं ठरवलं होतं. पण गावातल्या बायकांना गोष्ट अर्धी वाटेल, तिच्यातल्या बाया भित्र्या ठरतील, म्हणून अनिताने कुणाला न विचारता गुपचूप एक वाक्य घातलं होतं. बाकी दोघांच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

‘चुकलं माझं,’ ती म्हणाली आणि त्या वाक्यावर आडवी रेघ मारली. ‘त्यांना भित्र्या म्हणून सोडवेना.’

‘भ्याला म्हनून मानूस खोटा नाय होत, गो.’ ठमाबाईने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. ‘पन त्या कोनाला बोलल्याच नाय, तं ह्ये तुज्या कागदावं आयलं कसं?’

‘पुस्तकात ते नाही. आमचे पाळक म्हणतात, गोष्ट आपल्यापर्यंत आली, हाच पुरावा. त्यांच्यातली कुणीतरी कधीतरी बोललीच असणार.’

‘उशिरानं.’

‘उशिरानं का होईना.’

वाऱ्याने सुपातली दोन-चार हलकी सालपटं उडाली. ठमाबाईने ती धरली नाहीत. तिने पदराला हात पुसले, एकदा, मग उगाच आणखी एकदा.

‘तो कागद ठेव बाजूला,’ ती म्हणाली. ‘आनी ऐक.’

अनिताने पेनाला टोपण लावलं.

‘तुज्या लग्नाला पयल्या येश्टीनं रोह्याला आयले व्हते मी. पदराला हलद बांधून. गाववाल्यांनी बजावलं व्हतं, तिकरं धवला सांगशील तं हिकरं परत कोनी मांडवात घेनार नाय. तुमच्या त्या प्रार्थनाघराचे मांगं भित हाय ना, चिंचेखाली? थंय हुबी ऱ्हायले. आत तुमची गानी चालली व्हती. मी तुज्या नावाचा धवला सांगला, पयल्यापासून शेवटापरयंत, एक ओल सोडली नाय. वठ हलवले निस्ते, आवाज काढला नाय. हलद भितीला लावली, आनी दुपारचे गारीनं परत आयले.’

अनिताने हात पुढे केला. ठमाबाईने तो धरला. जवळ्याचा खारा वास दोघींच्या बोटांना लागला.

‘मंग कोनाला काय बोलले नाय, गो,’ ती म्हणाली. ‘भ्याले व्हते.’